भाड्याने ईएमआय सुटत नाही : पुण्यात गुंतवणुकीचा पहिला फ्लॅट घेण्याआधी

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. हिंजवडीत नोकरी, वय एकोणतीस, हातात थोडे पैसे जमलेत आणि ऑफिसमधल्या दोघा-तिघांनी फ्लॅट बुक केलेत म्हणून यालाही आता कीडा चावलाय. "मामा, रावेतला टूबीएचके बघितलाय, सत्तर लाख म्हणतायत, आपण राहायचं नाही, भाड्याने द्यायचा, भाड्यात ईएमआय निघून जाईल, घेऊन टाकू का?" मी विचारलं भाडं किती येईल, तर बावीस हजार. ईएमआय किती बसेल, तर म्हणे ते अजून काढलं नाही, सेल्सवाली मुलगी सांगणार आहे.

तर हे सगळं त्याच्यासाठी लिहायला घेतलं आणि लांबत गेलं. मी काही एजंट नाही की सीए नाही. दोन फ्लॅट घेतले गुंतवणूक म्हणून, एक चुकला आणि एक बरा निघाला, एवढाच अनुभव. चुकलेला होता वाघोलीच्या बाजूला, २०१३ साली प्री-लाँचमध्ये, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच घेतलेला, तेव्हा रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा, वगैरे काही नव्हतं, बिल्डरने तीन वर्षात ताबा देतो सांगितलं आणि सहा वर्षांनी दिला, आणि त्या सहा वर्षात मी स्वतः भाड्याच्या घरात राहून त्याचे हप्ते भरत होतो. बरा निघालेला म्हणजे धायरीतला जुना वनबीएचके, रिसेल, लिफ्ट नाही, दुसरा मजला, बघायला अगदीच साधा. पण घेतल्यापासून तो दीड महिन्याच्या वर कधी रिकामा राहिला नाही.

आधी हिशोब

भाच्याचाच फ्लॅट घेऊ. सत्तर लाख किंमत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, त्यात १ टक्का मेट्रोचा सेस धरलेला आहे, म्हणजे ४ लाख ९० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेला फ्लॅट म्हणजे जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. ही बेरीज ७८ लाख ७० हजार झाली. आता भाड्याने द्यायचा तर पंखे, ट्यूब, गीझर, किचन ट्रॉली, पडदे, वॉर्डरोब, सेफ्टी डोअर, कितीही हात आखडला तरी तीन लाख जातात. म्हणजे सत्तर लाखाचा फ्लॅट तुम्हाला ८२ लाखाला पडला. पहिला धडा हाच, जाहिरातीतला आकडा विसरा आणि पुढचा सगळा हिशोब ८२ वर करा.

बँक लोन किती देणार? ३० ते ७५ लाखाच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाहीत. सत्तरचे ८० टक्के म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख, वरचे ८ लाख ७० हजार, आणि सामानाचे तीन, असे २५ लाख ७० हजार तुमच्या खिशातून, रोख. इथेच निम्मे लोक पर्सनल लोन काढतात नाहीतर आईचे दागिने गहाण ठेवतात, तसं करावं लागत असेल तर थांबा, अजून वेळ आलेली नाही.

५६ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं, ईएमआय येतो साधारण ४८,६०० रुपये. भाडं २२,०००, तेही लगेच सुरू झालं असं धरू. आता हे बावीससुद्धा पूर्ण हातात येत नाहीत. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा धरा कारण एक भाडेकरू गेला की रंग, साफसफाई, दुसरा शोधणं यात तेवढा जातोच. ११ महिन्यांचे झाले २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरला तर ४२ हजार, प्रॉपर्टी टॅक्स बाराएक हजार, दलाली-रंगरंगोटी-प्लंबर पंधरा हजार. राहिले १ लाख ७३ हजार. ८२ लाखावर हे जेमतेम दोन टक्के होतात. बँकेची एफडी याच्यापेक्षा जास्त देते आणि एफडीचा नळ गळत नाही.

ईएमआय वर्षाचा ५ लाख ८३ हजार आणि भाड्याचे १ लाख ७३ हजार, म्हणजे दरवर्षी ४ लाख १० हजार, महिना चौतीस हजार तुम्ही पगारातून घालणार. आणि हे सहा वर्षं केलंत तर सहा वर्षात बँकेला ३५ लाख गेले, पण मुद्दल कमी झालं फक्त आठ-साडेआठ लाखाने, कारण सुरुवातीच्या वर्षात हप्त्यातला बहुतेक भाग व्याजाचाच असतो. सहा वर्षांनी तुमच्या डोक्यावर अजून ४७ लाख ६५ हजार आहेत.

आता समजा तो फ्लॅट ९० लाखाला विकला. सगळे म्हणणार वा, सत्तरचे नव्वद केले. खरं काय झालं बघा : नव्वदमधून बँकेचे गेले, हातात आले ४२ लाख ३५ हजार. तुम्ही घातले होते सुरुवातीचे २५ लाख ७० हजार आणि सहा वर्षं ४ लाख १० हजार, म्हणजे ५० लाख ३० हजार. आठ लाखाचा तोटा! नुसते घातलेले पैसे परत मिळायला तो फ्लॅट सहा वर्षात ९८ लाखाला गेला पाहिजे. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं तर दोनेक लाखांचा फरक पडेल, म्हणजे ९६ म्हणा. तिथून पुढचं जे येईल ती कमाई, त्यावरही दलाली द्यायची आणि टॅक्सही.

हा हिशोब बघून घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. पण "भाड्यात ईएमआय निघतो" हे वाक्य पुण्यात नवीन फ्लॅटला लागू होत नाही, आणि जो एजंट ते म्हणतो त्याला वरचा हिशोब कागदावर मांडायला सांगा. आकडे तुमच्या फ्लॅटचे टाका, व्याजदर तुमच्या बँकेचा टाका, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. हिशोब सुधारायचे मार्ग चारच, लोन कमी घेणं, स्वस्तात घेणं, जास्त भाड्याची जागा घेणं आणि वरचा खर्च टाळणं. व्याजदर बदलता असेल तर मधेच पैसे भरून लोन कमी करायला व्यक्तींना दंड लागत नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दलावर मारा, सुरुवातीच्या वर्षांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त.

वरचा खर्च टाळण्याबद्दल दोन गोष्टी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, सत्तर लाखावर सत्तर हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सवलत गेली, आणि बायकोला उत्पन्न नसेल तर लोन, टॅक्स सगळं कसं बसतं ते आधी बघा, नुसत्या सत्तर हजारासाठी उड्या मारू नका. दुसरं, ज्या फ्लॅटला कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालेलं आहे त्याच्यावर जीएसटी नाही. आणि ४५ लाखाच्या आतलं घर असेल तर चालू बांधकामालाही जीएसटी १ टक्काच आहे, पुण्यासाठी त्याची कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, मर्यादा ९० स्क्वेअर मीटर आहे, मुंबईसारखी ६० नाही. वनबीएचकेवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

एरिया कुठला?

ब्रोशरवर नकाशा असतो बघा, त्यात सगळं "पाच मिनिटांवर" असतं. मेट्रो पाच मिनिटं, रिंगरोड पाच मिनिटं, एअरपोर्ट वीस मिनिटं आणि तो एअरपोर्ट अजून झालेलाच नसतो. गंमत नाही, विमानतळ आधी खेड-चाकणच्या बाजूला होणार म्हणून तिकडे लोकांनी प्लॉट घेतले, २०१६ ला गाडी पुरंदरकडे वळली, मग तिकडे लोक धावले. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये, पण ब्रोशरवर ती त्याच्या आधीपासून धावत होती. माझा नियम साधा आहे, जे आज डोळ्यांना दिसतंय त्याचेच पैसे द्यायचे. खांब उभे असतील तर थोडे जास्त चालतील. नुसती घोषणा असेल तर एक रुपया जास्त नाही.

गुंतवणुकीच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक भाडेकरू असतो, तुम्ही नाही. तुम्हाला गॅलरीतून टेकडी दिसली पाहिजे, त्याला ऑफिसला पोचता आलं पाहिजे. म्हणून आधी विचारायचं की इथे भाड्याने राहणार कोण? वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत म्हणजे हिंजवडीवाले. खराडी-वाघोली म्हणजे ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरकडचे. हडपसर-मांजरी म्हणजे मगरपट्टा. मोशी-चिखलीला चाकण एमआयडीसी आणि तळवडे. नऱ्हे-आंबेगाव-धायरीला कॉलेजची मुलं, छोटे धंदेवाले, सिंहगड रोडची जुनी फॅमिली मंडळी. ज्या भागात भाडेकरू एकाच आयटी पार्कवर अवलंबून आहेत तिथे २०२० मध्ये काय झालं ते आठवा, वर्क फ्रॉम होम लागलं आणि पोरं घर सोडून गावाला गेली, सोसायट्यांमध्ये अर्धे फ्लॅट अंधारात. नंतर ऑफिसं उघडली तशी भाडी परत उसळली, पण ज्याला मधलं दीड वर्ष ईएमआय भरता आला नाही त्याने पडत्या भावात विकलाच ना. माझा धायरीचा फ्लॅट त्या काळात चालू राहिला कारण तिथला भाडेकरू मेडिकलवर काम करणारा होता, त्याला कसलं वर्क फ्रॉम होम.

साइट बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. बिल्डर रविवारीच बोलावतो, रस्ता रिकामा असतो, वर गरम समोसे मिळतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जा, ज्या ऑफिसवरून तुमचा भाडेकरू येणार तिथून निघून जा, आणि घड्याळ लावा. मग एकदा जोरदार पावसात जा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली, सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. नदी-ओढ्याजवळ घर असेल तर निळी पूररेषा आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा, निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. "रिव्हर व्ह्यू" लिहिलेलं असेल तर दोनदा विचारा.

आणि पाणी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याबद्दल कोणी विचारतच नाही. २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण गाव हद्दीत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही. माझ्या वाघोलीच्या फ्लॅटला टँकर आजही येतात. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो, आणि मेंटेनन्स भरतो मालक, कारण आपण भाडं "मेंटेनन्ससकट" ठरवलेलं असतं. सेल्स ऑफिसात "कॉर्पोरेशन वॉटर" म्हणतील. तुम्ही शेजारच्या, दोन-तीन वर्षं जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा की दिवसाला टँकर किती येतात आणि एप्रिल-मेमध्ये किती. समोरच्या किराणावाल्याला विचारा. इस्त्रीवाल्याला तर नक्की विचारा, कुठल्या बिल्डिंगमध्ये किती फ्लॅट रिकामे आहेत हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

भाव खरा किती

सेल्सवाले सांगतात "लास्ट वीक स्क्वेअर फुटाला ८४०० ने गेला". तपासता येतं हो! नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की झालेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात, त्यात रजिस्टर झालेली किंमत आणि एरिया असतो. साइट कधीकधी रडते, रात्री उशिरा बघा. त्याच बिल्डिंगचे, बाजूच्या बिल्डिंगचे दहा-बारा दस्त काढलेत की घासाघीस करताना तुमचा आवाज बदलतो. रेडी रेकनर हा सरकारचा दर आहे स्टॅम्प ड्युटीसाठी, तो बाजारभाव नाही, त्यावरून महाग-स्वस्त ठरवू नका.

भाव कार्पेटवरच बोलायचा. सॅलेबल, सुपर बिल्टअप असलं काही ऐकायचं नाही, रेराप्रमाणे कार्पेटच लागतो. एक फ्लॅट ९५० सॅलेबल म्हणून दाखवला आणि आत कार्पेट ६६० निघाला तर भागाकार ६६० ने करायचा. मग कळतं की "स्वस्त" एरियातला फ्लॅट तेवढा स्वस्त नव्हता.

तसंच भाड्याचा भाव. ऑनलाइन जाहिरातीत जे भाडं लिहिलंय ते मागितलेलं असतं, मिळालेलं नसतं. तुम्हीच भाडेकरू बनून तीन एजंटना फोन करा, "टूबीएचके पाहिजे, बजेट अठरा", बघा किती जण फ्लॅट दाखवायला तयार होतात. पाच मिनिटांत सहा फोटो आले तर समजा तिथे बावीस मिळत नाहीत.

रेराची साइट वाचायला शिका

महारेरा १ मे २०१७ पासून आहे आणि माझं वाघोलीचं प्रकरण त्याच्या आधीचं, नाहीतर मी एवढा फसलो नसतो असं मी स्वतःला सांगत असतो. आता प्रत्येक जाहिरातीवर रेरा नंबर आणि क्यूआर कोड असतोच. लोक काय करतात, नंबर आहे एवढं बघतात आणि समाधानी होतात. नंबर म्हणजे नुसती नोंदणी, प्रोजेक्ट चांगला असल्याचं सर्टिफिकेट नव्हे. कोड स्कॅन करा आणि आत जा. तिथे ताबा द्यायची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख बघा, दोनदा वाढली असेल तर तिसऱ्यांदाही वाढेल. एकूण फ्लॅट किती आणि बुक किती झाले बघा, ऑफिसात "फक्त चारच राहिलेत" सांगतायत आणि साइटवर निम्मे शिल्लक दिसतायत असं हमखास होतं. कमेन्समेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकामाची परवानगी, कितव्या मजल्यापर्यंतचं आहे ते वाचा, बिल्डिंग चौदा मजल्यांची आणि परवानगी नवव्यापर्यंतची असेल तर बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट सध्या हवेत आहे. टायटल रिपोर्ट, जमिनीवर कोणाचं कर्ज, कोर्टात दावा, सगळं तिथे टाकावं लागतं. मग त्याच बिल्डरचे जुने प्रोजेक्ट शोधा आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी वाचा, ते वाचताना चहा लागेल.

करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. घेतात, "टोकन" म्हणून "ॲमेनिटी" म्हणून, तुम्ही देऊ नका. टोकनची पावती घ्या आणि लोन नाही झालं तर पैसे कधी परत ते त्याच पावतीवर लिहून घ्या, तोंडी "काळजी करू नका दादा" चालणार नाही. ताबा लांबला तर व्याज मिळतं, स्टेट बँकेचा एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के असा दर आहे, ते कलम करारात जसंच्या तसं आहे ना बघा. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची असते, म्हणून गळती दिसली की व्हॉट्सॲपवर नको, ईमेल करा. उघडं पार्किंग विकता येत नाही. कव्हर्ड पार्किंग घेतलंत तर नंबर आणि मापं करारात लिहून घ्या, पुण्यात पार्किंग नसलेल्या टूबीएचकेला फॅमिली भाडेकरू हातच लावत नाही.

"ताब्यापर्यंत ईएमआय नाही" किंवा "दोन वर्षं भाड्याची गॅरंटी" असल्या स्कीममध्ये पैसे आधीच किमतीत घातलेले असतात. त्याच फ्लॅटचा स्कीमशिवाय भाव विचारा, फरक समोर येईल.

पहिल्यांदा घेत असाल तर

मला विचाराल तर पहिला फ्लॅट तयार घ्या किंवा रिसेल घ्या. चालू बांधकामात भाव कमी वाटतो पण दोन-तीन वर्षं भाडं शून्य, व्याज चालू, शिवाय जीएसटी. तयार फ्लॅटमध्ये पहिल्या महिन्यापासून भाडं आणि पाण्याचा, पार्किंगचा, शेजाऱ्यांचा सगळा खेळ डोळ्यांसमोर. रिसेलमध्ये कागद मात्र नीट बघावे लागतात. आधीच्या सगळ्या मालकांचे मूळ करारनामे साखळीने पाहिजेत, एक कडी गहाळ असेल तर बँकही अडते आणि पुढे तुमचं गिऱ्हाईकही. भोगवटा पत्र, म्हणजे ओसी, पाहिजेच पाहिजे. "सगळी बिल्डिंग ओसीशिवायच राहतेय हो" असं सांगतात, राहू दे, तुम्ही नका घेऊ, विकताना दहा टक्के भाव तिथेच जातो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचं पत्र, लाइट बिल, टॅक्सची पावती. ट्रान्सफर फी सोसायटी जास्तीत जास्त २५ हजार घेऊ शकते, "डोनेशन" म्हणून लाख मागितले तर नियम विचारा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, कन्व्हेयन्स झालं का, हेही विचारा, जुन्या बिल्डिंगमध्ये पुढे रीडेव्हलपमेंटचा फायदा त्यावरच अवलंबून.

एक पुणेरी भानगड, काही बिल्डिंग सोसायटी नसून "अपार्टमेंट" असतात, कायदा वेगळा, कागद वेगळे, तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं तर डीड ऑफ अपार्टमेंट असतं आणि मेंटेनन्स फ्लॅटच्या एरियाप्रमाणे बसतो. वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

वकील स्वतःचा लावा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला सांगा. बँकेने लोन दिलं म्हणजे कागद क्लिअर, हे अर्धसत्य आहे, बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते. आणि गुंठेवारीतलं, एनए, म्हणजे बिगरशेती, न झालेल्या जमिनीवरचं, सातबाऱ्यावर सामायिक नावं असलेलं "स्वस्त" काही दाखवलं तर पहिल्यांदा घेणाऱ्याने तिकडे फिरकूही नये, त्यात पैसे कमावणारे लोक वेगळे असतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या वतीने इन्कम टॅक्स, कापून भरायचा असतो, तो विसरलात की नोटीस तुम्हाला येते. विकणारा परदेशात राहणारा असेल, आणि पुण्यात असे फ्लॅट भरपूर, तर हा एक टक्का चालत नाही, खूप जास्त कापावा लागतो, व्यवहाराच्या आधी सीएकडे जा.

भाडेकरू आल्यावर

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा, करार रजिस्टर करणं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि जबाबदारी मालकाची. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिला की झालं, हा गैरसमज सोडा. खर्च फार नसतो, बावीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिटला स्टॅम्प आणि फी मिळून दोन हजाराच्या आसपास, ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो. रजिस्टर करार हातात असला आणि मुदत संपून भाडेकरू निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, तेही ऑनलाइन आहे, आळस करू नका.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. बॅचलर चालतात का हे फ्लॅट घ्यायच्या आधी विचारा, नियम काय म्हणतो ते सोडा, सेक्रेटरी रोज गेटवर मुलांना अडवायला लागला तर ती तिसऱ्या महिन्यात निघून जातात. माझ्या वाघोलीच्या फ्लॅटला हेच झालं, तीन चांगली पोरं होती, वेळेवर भाडं, पण रात्रपाळीवरून पहाटे चारला येतात म्हणून कमिटीने डोकं खाल्लं. मग फ्लॅट चार महिने रिकामा.

पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्के सवलत आहे, पीटी-३ फॉर्म भरून मिळते, भाड्याने दिलेल्याला मिळत नाही. रिसेल घेताना आधीच्या मालकाची टॅक्स पावती बघून हिशोब करू नका, तो स्वतः राहत असेल तर तुमचा टॅक्स जास्त येणार. मी धायरीला याच चुकीत पडलो होतो.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात, भाड्यातून महापालिकेचा टॅक्स वजा करून उरलेल्यातले ३० टक्के दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट वजा मिळतात, लोनचं व्याजही वजा होतं. पण नवीन टॅक्स रिजीममध्ये भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही, "टॅक्स वाचेल" म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी वाचा. विकताना दोन वर्षं पूर्ण झालेली असली तर नफ्यावर साडेबारा टक्के, आणि तो नफा दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते, त्याच्या मुदती असतात त्या पाळा.

भाच्याला हे सगळं पाठवलं आणि सांगितलं की रावेतचा फ्लॅट परत एकदा बघ, पण रविवारी नाही, कामाच्या दिवशी, हिंजवडी फेज टूच्या गेटवरून बरोबर सहा वाजता निघ. परवा त्याने तसं केलं. सव्वासातला फोन, मागे हॉर्नचा आवाज. "मामा, अजून भूमकर चौकातच आहे."